पुराच्या रात्री कामावर कोण कोण असतं?

आपत्तीच्या क्षेत्रात कोणती कामं असतात, असं नववी ते बारावीच्या वर्गात विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. बोटीतला केशरी गणवेशाचा जवान, बंबावरचा फायरमन, फार तर डॉक्टर. उत्तर चूक नाही, पण कामाचा फार मोठा भाग त्यातून गळून पडतो. वर्षानुवर्षं नदीची पातळी नोंदवणारा, पावसाचा इशारा लिहिणारी, पाणी चढताना फीडर (वस्तीला वीज पुरवणारी वाहिनी) बंद करणारा लाइनमन, निवाऱ्यात दोनशे माणसांच्या पाण्याचा हिशोब ठेवणारी आणि पाणी ओसरल्यावर चिखलातून पंचनामे करत फिरणारा ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे तलाठी), हे सगळे त्याच कामावर असतात. नागपुरातल्या शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत हा परिचय आम्ही कसा करून देतो, ते इथे लिहीत आहोत. कुठल्याही शिक्षकाला बाहेरच्या वक्त्यावाचून हे करता आलं पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

नागपूर यासाठी फार सोयीचं शहर आहे, आणि इथल्याच मुलांना ते ठाऊक नसतं. सोनेगावला विमानतळाजवळ हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं काम तिथून चालतं. सेमिनरी हिल्सला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं कार्यालय आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. १९५७ पासून इथे असलेलं नागरी संरक्षण महाविद्यालय आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या अकादमीत विलीन झालं आहे. उपग्रहचित्रांवर काम करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, एमआरसॅक, व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या परिसरात आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एसडीआरएफच्या, धुळे आणि नागपूर अशा दोन तुकड्यांपैकी एक इथलीच. इतकं सगळं एका शहरात असताना करिअर मार्गदर्शन म्हणजे सभागृहात चारशे मुलं बसवून भाषण, हे आम्हाला पटत नाही. चारशे मुलांच्या सभेत प्रश्न विचारणारी मुलं तीच ती चार असतात. आम्ही एका गटात चाळीसच मुलं घेतो आणि त्यांचे दहा-दहांचे चार उपगट करतो.

वेळापत्रक पावसाशी बांधलेलं असतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यात सगळ्यात उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करायची, ऑगस्ट-सप्टेंबरात भेटी आणि १३ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय आपत्ती जोखीम न्यूनीकरण दिनाच्या सुमारास, मोठा सराव. १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सप्ताह आणि २३ मार्चचा जागतिक हवामान दिन मोहात पाडतात, पण तेव्हा परीक्षा असतात आणि मुलांचं मन तिकडेच असतं.

एक रात्र, सहा रकाने

पहिल्या तासाला अभ्यासक्रम, पात्रता, पगार यातलं काहीच सांगायचं नाही. फळ्यावर एक तारीख लिहायची : २३ सप्टेंबर २०२३. त्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या वस्त्यांत घुसलं, माणसं दगावली. बहुतेक मुलांना ती सकाळ आठवते. कुणाच्या घरात पाणी होतं, कुणाच्या मामाची गाडी वाहून गेली होती. म्हणूनच वर्ग घेण्याआधी वर्गशिक्षकांकडून एक चौकशी करून घ्यायची : कुठल्या मुलाच्या घरात त्या पुरात किंवा दुसऱ्या कुठल्या दुर्घटनेत माणूस गेलं आहे का? असेल तर त्या मुलाशी आणि पालकांशी आधी बोलायचं, आणि नको वाटलं तर वर्गाबाहेर राहण्याची मोकळीक द्यायची. प्रेतांचे किंवा आक्रोश करणाऱ्या माणसांचे फोटो कधीच दाखवायचे नाहीत. त्यातून करिअरबद्दल काही कळत नाही, नुसती धडकी भरते.

मग प्रत्येक उपगटाला ड्रॉइंग पेपर. त्यावर सहा उभे रकाने : आधीची वर्षं, आधीचे तीन दिवस, पावसाचे तास, पहिली सकाळ, पुढचा आठवडा, पुढचं वर्ष. प्रत्येक रकान्यात त्या वेळी कोण काय काम करत असेल ते लिहायचं. पंधरा मिनिटांत मधले दोन रकाने गच्च भरतात. पहिला आणि शेवटचा रिकामा राहतो. खरा वर्ग तिथून सुरू होतो, कारण माणसं वाचण्या-न वाचण्याचा बराच निर्णय या रिकाम्या रकान्यांत होतो आणि कायमस्वरूपी नोकऱ्याही तिथेच जास्त आहेत.

पहिला रकाना भरायला आम्ही प्रश्न विचारतो. दीडशे वर्षांहून जुन्या अंबाझरी धरणाची तपासणी कोण करतं? सांडव्यातून, म्हणजे धरणातलं जास्तीचं पाणी बाहेर पडण्याच्या वाटेतून, किती पाणी जाऊ शकतं, हे कोण काढतं? नाग नदीच्या पात्राचा नकाशा कोणाकडे असतो? धरण अभियंता, जलशास्त्रज्ञ, जीआयएसचं (संगणकावरच्या नकाशांचं) काम करणारा, नगररचनाकार अशी नावं मग मुलांच्याच तोंडून येतात. शेवटच्या रकान्यासाठी एवढंच सांगायचं की पुरानंतर अंबाझरीची सुरक्षितता आणि पात्रातले अडथळे हा विषय जनहित याचिकेतून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. वकील, पत्रकार, माहिती अधिकाराखाली कागद मिळवणारा कार्यकर्ता ही सगळी नावं लगेच रकान्यात चढतात. कला शाखेच्या मुली इथे पहिल्यांदा पुढे सरकून बसतात. आपल्यासाठी इथे काही नाही असं त्या धरून आलेल्या असतात.

ग्रामीण भागातली शाळा असेल तर तारीख बदलायची. नरखेड तालुक्यात ३० जुलै १९९१ चा मोवाडचा पूर घ्यायचा. वर्धा नदीच्या त्या पुरात दोनशेहून अधिक माणसं गेली. आजी-आजोबांकडून मुलं जे ऐकून येतात, त्यातून रकाने आणखी चांगले भरतात.

पाऊस मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही

दुसरा टप्पा पर्जन्यमापकाचा. हे खेळणं वाटतं, पण हवामानशास्त्र आणि जलशास्त्र म्हणजे नक्की काय, हे समजायला याहून चांगलं साधन आम्हाला मिळालेलं नाही. ११.३ सेंटिमीटर व्यासाचं फनेल घ्यायचं. त्याचं तोंड बरोबर १०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून गोळा झालेलं दर १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. त्या मापाचं फनेल बाजारात मिळालंच नाही तर जे मिळेल त्याचा व्यास मोजून क्षेत्रफळ काढायचं. पाणी मिलिलिटरमध्ये, भागिले क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये, गुणिले दहा : आलं उत्तर मिलिमीटरमध्ये. खाली दोन लिटरची बाटली आणि प्रयोगशाळेतला १०० मिलिलिटरचा मोजपात्र, एवढंच सामान.

बिघडतं ते मांडणीत. मुलं हौसेनं गच्चीवर ठेवतात. तिथल्या वाऱ्यानं थेंब फनेलवरून उडून जातात आणि नोंद कमी येते. झाडाखाली ठेवलं तर पाऊस थांबल्यावरही पानांचं पाणी ठिबकत राहतं. नियम असा की जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर उपकरण हवं. शाळेच्या आवारात अशी जागा शोधण्यातच अर्धा तास जातो, आणि तो वाया जात नाही. कुठल्या ठिकाणची नोंद विश्वासार्ह, याचा विचार मुलं त्या अर्ध्या तासात करतात. वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेलाच. रविवारचं वाचन चुकतं आणि सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकत्र मिळतं. अशा वेळी ते अंदाजाने दोन दिवसांत वाटायचं नाही. 'दोन दिवसांचं एकूण' असंच लिहायचं. नोंदवहीतला हा प्रामाणिकपणा शिकवून ठेवला की पुढे कुठल्याही विज्ञानशाखेत उपयोगी पडतो.

दोन आठवड्यांच्या नोंदी जमल्या की त्या खात्याच्या वर्गवारीशी लावून बघायच्या. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. महसूल खात्याच्या लेखी मात्र महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त झाला की अतिवृष्टी. या आकड्यामागे पंचनामा आणि पिकाचं ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास मिळणारी मदत उभी असते, हे शेतकरी घरातल्या मुलांना लगेच कळतं.

मग गणित. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी? उत्तर एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दहा हजार टँकर. पुढचा प्रश्न मुलंच विचारतात : 'सर, हे सगळं नाल्यात कसं मावणार?' मातीच्या मैदानावर बरंच पाणी मुरतं, सिमेंट रस्त्यावर जवळजवळ सगळं वाहतं. हा फरक शाळेच्या मैदानावर आणि फरशीवर एकेक बादली ओतून दाखवायचा. शहरी पूर हा विषय इथे पुस्तकाबाहेर येतो.

उष्णतेसाठीही असंच मोजमाप करता येतं. थर्मामीटर सावलीत, हवा खेळेल अशा जागी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर. मग तोच टिनाच्या शेडखाली आणि कडुलिंबाखाली. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर असून सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वाढलं, किंवा थेट ४५ अंशांवर गेलं, की उष्णतेची लाट धरतात. नागपूरच्या मुलांना ४५ अंशांचं नवल नसतं, पण त्यावर आरोग्य खातं, महापालिका, बांधकाम मजुरांचे ठेकेदार यांनी काय करायचं याचा लेखी आराखडा असतो आणि तो बनवणं हेही एक काम आहे, हे नवीन असतं. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि बातमी देशभर गेली. नंतर खात्यानं संवेदकातला (सेन्सरमधला) बिघाड असल्याचं स्पष्ट केलं. उपकरणं जुळवणारा, त्यांची वेळच्या वेळी तपासणी करणारा तंत्रज्ञ किती मोलाचा, हे सांगायला हे उदाहरण पुरेसं आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करू इच्छिणाऱ्या मुलाला त्यात स्वतःची जागा दिसते.

भूकंपासाठी एक फळी, करवतीची तीन पाती आणि शाडूचे तीन गोळे लागतात. पात्यांचे दात आधी चिकटपट्टीनं झाकायचे. पाती १०, १८ आणि २६ सेंटिमीटर वर राहतील अशी उभी स्क्रूनं बसवायची, टोकाला सारख्या वजनाचे गोळे. फळी हळू हलवली की उंच पातं झुलतं, भराभर हलवली की बुटकं थरथरतं. एकाच भूकंपात एक इमारत पडते आणि शेजारची उभी राहते, त्याचं एक कारण मुलांना डोळ्यांनी दिसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जिथे हजारो माणसं गेली, तो भाग तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो पट्टाच काढून टाकला गेला. नागपूर २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे झोन दोनमध्ये, म्हणजे उरलेल्यांतल्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात येतं. व्हीएनआयटीत संरचना गतिशास्त्र आणि भूकंप अभियांत्रिकीत एम.टेक. करता येतं, हे इथेच सांगून टाकायचं.

भेटीला जाताना

परवानगीचं पत्र मुख्याध्यापकांच्या सहीनं किमान महिनाभर आधी जायला हवं. सोबत विद्यार्थ्यांची यादी, ओळखपत्रांच्या प्रती, बसचा क्रमांक, सोबतच्या शिक्षकांचे फोन आणि भेटीचा हेतू. हेतूत 'शैक्षणिक सहल' लिहिलं की आवार फिरवून चहा देऊन परत पाठवतात. त्याऐवजी काय बघायचं आहे ते लिहायचं : अंदाज तयार करण्याची रोजची पद्धत, बचाव साहित्याची देखभाल, प्रशिक्षणाचा दिनक्रम. फोटोची परवानगी वेगळी मागायची, आणि मिळाली नाही तर मोबाइल बसमध्येच ठेवायचे. यंत्रणा प्रत्यक्ष कामावर असेल तर भेट ऐन वेळी रद्द होते. सप्टेंबरात हे हमखास घडतं, म्हणून पर्यायी तारीख पहिल्या पत्रातच द्यावी.

एका दिवशी एकच ठिकाण. सकाळी हवामान केंद्र आणि दुपारी अग्निशमन असं ठरवलं की दोन्हीकडे घाई होते आणि मुलांच्या लक्षात फक्त डबा राहतो.

प्रश्न आधी लिहून घ्यायला लावायचे. 'तुम्ही किती जणांना वाचवलं?' हा प्रश्न आम्ही काढून टाकतो. त्यावर कुठलाही जबाबदार अधिकारी संकोचतो आणि गप्पा तिथेच थांबतात. गेल्या आठवड्यात रोज काय काम केलं, पाळ्या कशा असतात, साहित्य किती दिवसांनी तपासता, या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काय, घरी सुट्टीचं कसं जमतं, भरतीच्या वेळी काय येत नव्हतं आणि कुठे शिकलात, अशा प्रश्नांना मोकळी उत्तरं मिळतात. बचावकाम म्हणजे बहुतांश वेळ दोर धुणं, वाळवणं, कुठे चिरला का ते बोटांनी चाचपणं, पंप सुरू करून बघणं आणि तोच सराव पुन्हा करणं. हे बघून ज्याचा उत्साह टिकतो त्याला हे क्षेत्र मानवतं, असा आमचा अनुभव आहे.

दोनशे माणसांचा निवारा

ऑक्टोबरातला सराव टेबलावरचा. त्यात धावपळ नाही. परिस्थिती अशी : तुमच्याच शाळेत संध्याकाळी सहाला २०० पूरग्रस्त येणार, तीन दिवस राहणार. पाच वाजलेत. प्रत्येक उपगटाला शाळेचा नकाशा, पट्टी आणि खोल्यांची मापं द्यायची.

पहिला अंदाज येतो : एका वर्गात पन्नास माणसं. मग मदतकार्यासाठीची 'स्फिअर' ही आंतरराष्ट्रीय किमान मानकं फळ्यावर लिहायची. माणशी ३.५ चौरस मीटर जागा, दिवसाला १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास. २० बाय २५ फुटांची खोली साडेशेहेचाळीस चौरस मीटरची. त्यात तेरा माणसं बसतात, म्हणजे दोनशेंसाठी सोळा खोल्या. पाणी रोज ३,००० लिटर, संडास दहा. शाळेत इतके संडास चालू स्थितीत आहेत का, हे बघायला मुलं स्वतः जाऊन येतात आणि बहुधा तोंड पाडून परत येतात.

गणित जमलं की चिठ्ठ्या वाटायच्या, दर पाच मिनिटांनी एक. आठव्या महिन्यातली गरोदर बाई. इन्सुलिन घेणारे आजोबा, आणि वीज गेल्यामुळे फ्रिज बंद. ऐकू न येणारी मुलगी. दोन म्हशी सोडून यायला तयार नसलेले काका. तापानं फणफणलेली तीन भावंडं. 'अमुक वस्तीतल्यांच्या खोलीत आम्ही राहणार नाही' म्हणणारं कुटुंब. वॉट्सॲपवर फिरणारा 'धरण फुटलं' हा निरोप. प्रत्येक चिठ्ठीवर दोन गोष्टी ठरवायच्या : आता काय करायचं आणि हे शिकलेलं माणूस कोण. अशा रीतीनं परिचारिका, सांकेतिक भाषेची दुभाषी, पशुवैद्य, साथरोगतज्ज्ञ, समाजकार्याची पदवीधर, माहिती अधिकारी एकेक करून टेबलावर येतात. म्हशींच्या चिठ्ठीवर मुलं हसतात. घरातली कमाईच त्या म्हशींवर असते आणि त्यांच्यासाठी माणसं पुराच्या पाण्यात परत जातात, हे सांगितलं की हसू थांबतं. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय या कामाच्या यादीत का आहे, तेही कळतं.

इथेच आज्ञासाखळी समजावायची. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. प्रत्यक्ष घटनेवर कार्यवाही, नियोजन आणि रसद असे तीन विभाग पाडून काम चालतं. रसदीचा विभाग मुलांना दुय्यम वाटतो. बोटीला डिझेल, जवानांना जेवण आणि जनरेटरला मेकॅनिक त्याच विभागातून येतो. वाणिज्य शाखेची आणि आयटीआयची मुलं तिथे चपखल बसतात.

जखमींच्या वर्गवारीचा छोटा सरावही आम्ही याच दिवशी घेतो. वीस कार्डं, प्रत्येकावर एका जखमीची लक्षणं, प्रत्येकाला जास्तीत जास्त एक मिनिट. स्वतः चालू शकतो तो हिरवा. श्वास नाही, श्वासमार्ग मोकळा केल्यावरही नाही, तो काळा. मार्ग मोकळा केल्यावर श्वास आला तर लाल. श्वास मिनिटाला तीसच्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यातलं काहीही असेल तर लाल. उरलेले पिवळे. मुलं अडखळतात ती काळ्या कार्डापाशी. त्या क्षणी घाई करायची नाही. अनेक जखमी आणि मोजके हात असताना ही वर्गवारी का करावी लागते आणि हे करणाऱ्यांना नंतर समुपदेशन का लागतं, यावर दहा मिनिटं द्यायचीच. मानसशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या मुलांना त्या दहा मिनिटांत आपला विषय दिसतो.

दोन लिटरच्या सहा रिकाम्या बाटल्यांचं तरंगतं जाकीटही बनवून घेतो. बारा किलोच्या आसपास उचल मिळते आणि डोकं पाण्यावर ठेवायला ती पुरते. झाकणं सैल राहिली की बाटल्या भरतात. पाठीवर बांधल्या तर माणूस पालथा होऊन तोंड पाण्यात जातं, म्हणून छातीवरच बांधायच्या. याची चाचणी फक्त जलतरण तलावात, जीवरक्षकासमोर. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर कधीही नाही.

वाटा, आणि वाटेतले खड्डे

अभ्यासक्रमांची माहिती आम्ही सगळ्यात शेवटी देतो, कारण तेव्हा प्रत्येक मुलाच्या मनात एक-दोन कामं पक्की झालेली असतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एनडीआरएफमध्ये भरती कशी व्हायचं. थेट भरती होत नाही. दलाच्या सोळा बटालियन सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी आणि आसाम रायफल्स या केंद्रीय दलांतून प्रतिनियुक्तीवर (ठरावीक काळापुरते) आलेल्यांच्या आहेत. म्हणजे आधी कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून यातल्या एका दलात जायचं आणि मग तिकडे. राज्याच्या एसडीआरएफची माणसं राज्य राखीव पोलीस दलातून येतात. तिथे बारावीनंतरच्या पोलीस भरतीतून जाता येतं आणि मैदानी चाचणीत पाच किलोमीटर धावावं लागतं. हे न सांगता 'एनडीआरएफ भरती'चे पैसे उकळणारे लोक आहेत, म्हणून ही गोष्ट आम्ही दोनदा सांगतो.

अग्निशमनात दोन-तीन पायऱ्या आहेत. मुंबईच्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीचा अग्निशामक अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, उपस्थानक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा. अभियांत्रिकीची पदवी हवी असेल तर नागपूरचं राष्ट्रीय महाविद्यालय, त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. उंची, वजन, छाती, वयाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघायची, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जायचं नाही. रंगांधळेपणाची तपासणी मात्र नववीतच करून घ्यावी. साध्या नेत्रतपासणीत ती होते. ऐन भरतीत हे कळलं की चार वर्षांची मेहनत पाण्यात जाते, आणि आधी कळलं तर त्याच क्षेत्रातलं दुसरं काम निवडता येतं.

हवामानासाठी भौतिकशास्त्र आणि गणित सोडायचं नाही. खात्यातल्या सायंटिफिक असिस्टंटची भरती २०२२ मध्ये कर्मचारी निवड आयोगामार्फत झाली, तिला भौतिकशास्त्रासह विज्ञानाची किंवा संगणकशास्त्राची पदवी, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा चालला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायला भूशास्त्रात पदव्युत्तर पदवी आणि संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा. भूशास्त्राचा विभाग आपल्याच नागपूर विद्यापीठात आहे. नकाशांच्या कामात शिरायला पदवीची वाट बघावी लागत नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर चालतं आणि इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. समाजकार्याची पदवी नागपुरात होते. पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण आहे. प्रशासनात राज्यसेवेतून तहसीलदार, उपजिल्हाधिकारी. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आणि डिझेल मेकॅनिक पुरात किती लागतो, हे निवाऱ्याच्या सरावात मुलांनी बघितलेलं असतंच.

गडचिरोलीकडून शिकायला आलेल्या मुलांना आम्ही आवर्जून एक गोष्ट सांगतो. वीज पडण्याचा किंवा पुराचा इशारा गोंडी-माडियात नीट सांगणारी माणसं फार थोडी आहेत. ती भाषा घरातून येणं ही या क्षेत्रात मोठी पात्रता आहे.

'शंभर टक्के नोकरी'चा बोर्ड लावून फायर-सेफ्टी आणि आपत्ती व्यवस्थापनाचे डिप्लोमे विकणाऱ्या संस्था शहरात कमी नाहीत. पालकांना तीन प्रश्न लिहून द्यायचे. मान्यता कोणाची, आणि त्या मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या यादीत हे नाव आहे का? ज्या पदासाठी मुलगा शिकणार त्या पदाच्या मागच्या जाहिरातीत हे प्रमाणपत्र चालतं असं लिहिलं आहे का? प्रात्यक्षिकं कुठल्या मैदानावर आणि कुठल्या साहित्यावर होतात? तिसऱ्या प्रश्नावरच बऱ्याच ठिकाणी गप्प बसतात. 'मुलींचं हे काम नाही' म्हणणाऱ्या पालकांशी वाद घालत बसायचं नाही. या क्षेत्रात नोकरीला असलेल्या बाईंशी त्यांची भेट घालून द्यायची आणि पाळ्या, प्रवास, राहण्याची सोय हे सगळं त्यांनाच विचारू द्यायचं.

शेवटच्या तासाला प्रत्येक मुलगा-मुलगी एक पान भरते. कुठलं काम, त्यासाठी अकरावीला कुठले विषय, कुठली परीक्षा आणि येत्या सहा महिन्यांत सुरू करायची एक गोष्ट. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आपदा मित्र या स्वयंसेवक योजनेचं बारा दिवसांचं प्रशिक्षण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षामार्फत असतं, चौकशी तिथेच करायची. त्याहून लहान असतील तर एनसीसी किंवा स्काउट-गाइड, पोहणं आणि प्रथमोपचाराचा वर्ग. हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी संदेशवहनाच्या) परवान्याची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते. ही पानं वर्गशिक्षकांकडे राहतात आणि जानेवारीत, दहावीचे वर्ग सुटण्याआधी, एकेकाला बोलावून बघायची.